स्पेशालिटी कॉफी आणि १९९६ चा निर्णय : पार्श्वभूमी

पुण्या-मुंबईत आज दोनशे-अडीचशे ग्रॅम कॉफीचं पाकीट घेतलं, तर त्यावर मळ्याचं नाव असतं, समुद्रसपाटीपासूनची उंची असते, झाडाचा वाण असतो, फळावर कोणती प्रक्रिया केली आणि दाणे कोणत्या तारखेला भाजले तेही असतं. कर्नाटकातल्या चिक्कमगळूर किंवा कोडगूचा (कूर्गचा) बागायतदार आणि शहरातला रोस्टर, म्हणजे दाणे भाजून विकणारा, यांच्यातल्या थेट व्यवहारातून हे पाकीट तयार होतं. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी असा व्यवहार करायची बागायतदाराला कायद्यानेच मुभा नव्हती. स्पेशालिटी कॉफीवर बोलताना आपल्याकडे चर्चा लगेच मशीन, पाण्याचं तापमान आणि दुधावरच्या नक्षीकडे वळते. भारतापुरतं बोलायचं तर या गोष्टीचं मूळ कॅफेत नाही, ते विक्रीच्या हक्कात आहे. आपलं पीक स्वतः विकण्याचा हा हक्क बागायतदारांना १९९६ मध्ये पूर्णपणे मिळाला.

आधी मोजपट्टीबद्दल. ‘स्पेशालिटी कॉफी’ हा शब्दप्रयोग १९७४ मध्ये अमेरिकेतल्या एका व्यापारी मासिकात आला. तो करणारी बाई सॅन फ्रान्सिस्कोत कच्च्या कॉफीचा व्यापार करत होती, आणि मोठ्या कंपन्यांना नको असलेले लहान लहान लॉट, म्हणजे वेगळे ठेवलेले मालाचे साठे, ती छोट्या रोस्टरांना विकायची. चार वर्षांनी फ्रान्समधल्या एका परिषदेत तिने कल्पना आणखी स्पष्ट केली: विशिष्ट भूप्रदेशातल्या विशिष्ट सूक्ष्म हवामानातून वेगळ्या चवीचा दाणा येतो, आणि ती चव शेवटपर्यंत जपली तर ती कॉफी खास. १९८२ मध्ये अमेरिकेत या व्यावसायिकांची संघटना उभी राहिली. पुढे शंभर गुणांचा तक्ता आला आणि ऐंशीची रेषा पक्की झाली. ३५० ग्रॅम कच्च्या दाण्यांत मोठा दोष एकही नको, किरकोळ दोष पाचांपेक्षा जास्त नकोत, आणि पाच पेल्यांत चाखल्यावर सुगंध, चव, मागे रेंगाळणारी चव, आम्लता, भारदस्तपणा (जिभेवर जाणवणारा जडपणा), समतोल, गोडवा वगैरे मिळून ८० किंवा त्याहून अधिक गुण हवेत. पाच पेले अशासाठी की एकात जरी आंबूस किंवा कुजकट दाणा सापडला, तरी लॉटमध्ये एकसारखेपणा नाही हे कळावं.

या सगळ्याच्या मुळाशी एकच अट आहे, लॉटची ओळख. एका उतारावरची, एका वाणाची, एका आठवड्यात तोडलेली फळं वेगळी ठेवली, तरच त्यांची चव वेगळी म्हणून चाखता येते. देवगडचा हापूस दहा ठिकाणच्या आंब्यांबरोबर एकाच पेटीत भरला, तर तो कितीही उत्तम असला तरी त्याचा भाव पेटीच्या सरासरीवर ठरतो. भारतीय कॉफीचं अर्धं शतक त्या पेटीत गेलं.

बाबा बुदनांनी येमेनहून आणलेल्या सात बियांची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. ब्रिटिशांचे मळे, १८७० च्या सुमारास तांबेरा रोगाने घातलेला धुमाकूळ आणि त्यातून सुरू झालेला रोगाला टिकणाऱ्या झाडांचा शोध हा मधला टप्पाही इथे थोडक्यात पुरे. त्या शोधातून म्हैसूरच्या एका मळ्यात ‘केंट्स’ हा वाण निघाला आणि कर्नाटकातल्या बाळेहोन्नूरच्या कॉफी संशोधन केंद्रातून १९४० च्या दशकात ‘एस.७९५’ बाहेर पडला. कॉफीच्या दोन मुख्य जाती म्हणजे अरेबिका आणि अधिक कडवट रोबस्टा; आजही भारतीय अरेबिकाच्या पाकिटांवर हेच नाव वारंवार दिसतं. मसाल्यांची आठवण करून देणारी त्याची चव, माझ्या मते, अजून पुरेशी वाखाणली गेलेली नाही.

खरा पेच १९४२ च्या कायद्यात आहे. १९३० च्या दशकात जागतिक मंदीने कॉफीचे भाव कोसळले. १९३५ मध्ये उपकर बसवून प्रचाराची व्यवस्था उभी राहिली, आणि तिच्यातूनच १९३६ मध्ये मुंबईत चर्चगेटला पहिलं कॉफी हाऊस उघडलं. देशातच गिऱ्हाईक तयार करायचं, हा त्यामागचा हेतू. मग महायुद्ध आलं, युरोपची बाजारपेठ बंद पडली आणि माल मळ्यांवर पडून राहू लागला. १९४० चा अध्यादेश आणि १९४२ चा कायदा हा त्यावरचा उपाय होता. बियाण्यापुरती आणि घरी पिण्यापुरती कॉफी सोडली, तर नोंदणीकृत बागायतदाराने सगळं पीक एका सामायिक साठ्यात जमा करायचं. ते विकण्याचं काम सरकारी कॉफी मंडळाचं. एकदा माल जमा झाला की त्यावर बागायतदाराचा कोणताही हक्क उरत नसे. उरे तो फक्त पैसे मिळण्याचा हक्क, असं कायद्याच्या कलमातच लिहिलेलं होतं.

पैसेही सरळ मिळत नसत. क्युरिंग वर्क्समध्ये, म्हणजे दाण्यांची टरफलं काढून ते साफ करणाऱ्या कारखान्यांत, मालाची प्रतवारी व्हायची. प्लँटेशन ए, अरेबिका चेरी, रोबस्टा पार्चमेंट अशा प्रतींना ठरावीक गुण होते, आणि मंडळाची विक्री जशी होईल तसा प्रत्येक गुणाला भाव जाहीर व्हायचा. आधी एक रक्कम आणि बाकीचे हप्ते मागाहून. म्हणजे गुणांवर पैसे देण्याची पद्धत इथे होतीच, पण ते गुण प्रतीचे होते. दाण्याचा आकार आणि दोष यांना त्यात मोल होतं. शेजारच्या मळ्यापेक्षा आपली कॉफी अधिक गोड लागते म्हणून चार पैसे जास्त मागावेत, तर मागायचे कुणाकडे? माल आपला राहिलेलाच नव्हता.

साठ्यात माल देणं ही विक्री आहे की सक्तीचं संपादन, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. कर्नाटक सरकारला त्यावर खरेदी कर हवा होता. मंडळाचं म्हणणं असं की, ही खरेदी नव्हेच, कायद्याने केलेलं संपादन आहे. १९८८ मध्ये न्यायालयाने ही विक्रीच असल्याचं ठरवलं आणि कर वैध ठरला. निकाल करापुरता होता. तरी ज्या विक्रीत विकणाऱ्याला गिऱ्हाईक निवडता येत नाही आणि भावही ठरवता येत नाही, तिला विक्री म्हणावं लागलं, यातच त्या व्यवस्थेचा ताण उघड झाला.

या पद्धतीला सरसकट दोष देणं मला पटत नाही. कॉफी पिकवणाऱ्यांत ९८ टक्क्यांहून अधिक धारक दहा हेक्टरच्या आतले आहेत. पडत्या बाजारात अशा माणसाला हमखास गिऱ्हाईक मिळणं ही लहान गोष्ट नव्हती. देशातल्या पिणाऱ्याला आवाक्यातल्या भावात कॉफी मिळाली, संशोधन चालू राहिलं. १९४२ साली तो निर्णय बरोबरच होता. चूक झाली ती युद्धकाळातला उपाय पन्नास वर्षं ताणण्यात. सत्तरच्या दशकात जगात लहान लॉटचा व्यापार आकार घेऊ लागला, तेव्हाच निदान ठरावीक हिस्सा तरी मोकळा करायला हवा होता. ते झालं नाही, कारण गरज कुणाला भासत नव्हती. १९६२ च्या आंतरराष्ट्रीय कॉफी करारामुळे निर्यातीचा कोटा ठरलेला होता, आणि कराराबाहेरचा सर्वांत मोठा ग्राहक सोव्हिएत संघ रुपयांच्या व्यवहारात माल उचलत होता. त्या व्यवहारात प्रश्न किती टन हाच असे.

ही दोन्ही छत्रं दोन-अडीच वर्षांत उडाली. जुलै १९८९ मध्ये कोटा पद्धत मोडली आणि जगभर भाव घसरले. १९९१ अखेर सोव्हिएत संघच संपला. त्याच वर्षी देशात आर्थिक सुधारणांना सुरुवात झाली होती आणि बागायतदारांची जुनी मागणी ऐकून घेणारे कान दिल्लीत तयार झाले. १९९२ पासून मुक्त विक्रीचा हिस्सा टप्प्याटप्प्याने वाढत गेला. आधी पिकाचा काही भाग, मग लहान बागायतदारांना पूर्ण सूट, आणि १९९६ मध्ये सगळ्यांनाच. दरम्यान १९९४ मध्ये ब्राझीलला कडाक्याच्या हिमदवाने गाठलं आणि जागतिक भाव उसळले. ज्यांच्या हातात स्वतःचा माल होता त्यांनी चांगली कमाई केली. त्यानंतर साठ्याच्या बाजूने बोलणारा आवाज क्षीण झाला.

पण मोकळीक मिळाली म्हणून लगेच स्पेशालिटी कॉफी पिकू लागली नाही. सुरुवातीला बहुतेकांनी तोच माल नव्या व्यापाऱ्याला विकला. १९९९ नंतर भाव पुन्हा कोसळले, आणि २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात अरेबिका पौंडाला पन्नास सेंटच्याही खाली गेली. कित्येक मळ्यांचा तोडणीचा खर्चसुद्धा निघेना. काही बागायतदार चवीकडे वळले ते याच अडचणीतून. न्यूयॉर्कच्या भावाला बांधलेला माल विकून भागत नसेल, तर त्या भावापासून सुटण्याचा एकच मार्ग होता, गिऱ्हाइकाला नावानिशी हवा असेल असा लॉट. १९९९ मध्ये ब्राझीलमध्ये उत्कृष्ट लॉटची स्पर्धा आणि लिलाव सुरू झाले होते. २००४ मध्ये पनामातल्या गेशा वाणाच्या एका लॉटला पौंडाला २१ डॉलर मिळाले, तेव्हा तो आकडा कॉफीच्या जगात सगळीकडे पोचला. आपल्याकडेही २००२ पासून चवीच्या स्पर्धा भरू लागल्या. स्वतःची कॉफी स्वतः चाखून बघणारे बागायतदार त्यानंतर दिसू लागले. त्याआधी मळ्यावर कपिंगचं, म्हणजे कॉफी चाखून पारखण्याचं, टेबल असणं ही दुर्मीळ गोष्ट होती.

शहरांतली बाजू सर्वांच्या डोळ्यांसमोर घडली आहे. १९९६ मध्येच बेंगळुरूच्या ब्रिगेड रोडवर एका देशी साखळीचं पहिलं दुकान उघडलं. २०१२ मध्ये मुंबईत हॉर्निमन सर्कलला एक अमेरिकी साखळी आली, आणि पाठोपाठ भारतीय मळ्यांचीच कॉफी ताजी भाजून घरपोच पाठवणारे छोटे रोस्टर आले. मोठ्या साखळ्यांनी कॉफीला बसण्याची जागा दिली, मळ्याचं नाव पाकिटावर आणलं ते या छोट्या रोस्टरांनी. २०१९ मध्ये कूर्ग, चिक्कमगळूर, बाबाबुदनगिरी आणि अराकू इथल्या अरेबिकाला, तसंच वायनाडच्या रोबस्टाला भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्राचा वाटा यात नाममात्र आहे. चिखलदऱ्याला कॉफी होते, पण तिचं प्रमाण बाजारात जाणवेल इतकं नाही.

आता ऐंशीच्या रेषेबद्दल, कारण तिने भारताला न्याय दिला असं मला वाटत नाही. मॉन्सून्ड मलबार घ्या. जून ते सप्टेंबर मंगळूरच्या किनाऱ्यावरच्या गोदामांत दाणे पसरून ठेवतात, दमट वारा त्यांना फुगवतो, रंग फिकट सोनेरी होतो आणि आम्लता जवळजवळ नाहीशी होते. शिडाच्या जहाजांतून आफ्रिकेला वळसा घालून जाणाऱ्या कॉफीला जे आपोआप व्हायचं, ते इथे मुद्दाम केलं जातं. चव इतकी वेगळी की डोळे झाकून ओळखावी. पण चमकदार आम्लतेला दाद देणाऱ्या तक्त्यावर ही कॉफी मागे पडते. रोबस्टाचं तर त्याहून अवघड. देशाच्या उत्पादनात तिचा वाटा साधारण ७० टक्के, आणि खोडकिड्याने बेजार झालेले अनेक अरेबिका बागायतदारही तिच्याकडे वळलेले. ऐंशीची मूळ रेषा मात्र अरेबिका डोळ्यांपुढे ठेवून आखलेली. रोबस्टासाठी वेगळा तक्ता २०१० च्या आसपास आला. धुतलेली, पिकलेली फळं निवडून केलेली भारतीय रोबस्टा त्यावर चांगले गुण मिळवते, तरी ‘रोबस्टा म्हणजे इन्स्टंटचा माल’ हा ग्रह खरेदीदारांत टिकून आहे.

२०२३ पासून मूल्यमापनाची नवी चौकट राबवली जात आहे. तिच्यात कॉफी कशी लागते याचं वर्णन आणि ती किती आवडली याचा निवाडा वेगवेगळा नोंदवायचा असतो. दाण्यांची भौतिक अवस्था आणि मूळ ठिकाण, शेतीची पद्धत, प्रमाणपत्रं अशी बाहेरची माहिती यांचीही स्वतंत्र नोंद होते. मॉन्सून्ड मलबारसारख्या कॉफीला ही चौकट अधिक न्याय देईल. मात्र व्यापाराला एकच आकडा हवा असतो, आणि पाकिटांवर अजून ८४, ८६ असेच आकडे छापले जातात.

अलीकडचा पेच भावाचा. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यूयॉर्कची अरेबिका पौंडाला चार डॉलरच्या वर गेली, रोबस्टाचे भावही विक्रमी झाले. साध्या मालालाच इतका दर मिळत असेल, तर एकाच झाडाकडे तीन-चार वेळा मजूर पाठवून फक्त पिकलेली फळं तोडायची, ती वेगळी आंबवायची, उंच खाटांवर आठवडेच्या आठवडे वाळवायची, हा खर्च कशासाठी करायचा, असं बागायतदार विचारू लागला. मळ्यांवर मजूर मिळणं आधीच कठीण झालेलं आहे. काही रोस्टर तोडणीच्या आधीच भाव बांधून घेतात, काही आगाऊ रक्कम देतात. पाकिटावर उंची, वाण आणि भाजण्याची तारीख ठळक अक्षरांत असते. त्या लॉटसाठी बागायतदाराला किलोमागे किती मिळाले, हे छापणारे रोस्टर अजून मोजकेच आहेत.