दिल्ली–टोकियो हवाई अंतर व उड्डाणकाळ

दिल्ली आणि टोकियो यांमधील हवाई अंतर सुमारे ५,८५० किमी आहे. थेट विमानाला दिल्लीहून टोकियोला जायला साधारण साडेसात ते आठ तास लागतात, परतीला मात्र नऊ ते दहा.

वरचा आकडा पृथ्वीच्या गोलावरील सर्वांत जवळच्या मार्गाचा आहे. हा मार्ग उत्तराखंडावरून तिबेटच्या पठारावर चढतो आणि पुढे उत्तर चीन, पीत समुद्र व कोरिया ओलांडून जपानला पोहोचतो. प्रवासी विमाने बहुधा त्यावरून जात नाहीत. केबिनमधला हवेचा दाब अचानक गेला, तर वैमानिकाला विमान तातडीने सुमारे ३,००० मीटरपर्यंत खाली आणावे लागते, कारण प्रवाशांच्या मुखवट्यांतला प्राणवायू थोड्याच मिनिटांचा असतो. तिबेटची जमीनच सरासरी साडेचार हजार मीटर उंच! त्यामुळे विमाने सहसा दक्षिणेकडून, बांगलादेश, म्यानमार आणि दक्षिण चीनवरून वळसा घेतात. त्यात काही शे किमी वाढतात.

जाण्या-येण्यातल्या तफावतीला जबाबदार आहे जेट प्रवाह, म्हणजे साधारण ९ ते १२ किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जोरदार वारा. हिवाळ्यात जपानवर त्याचा वेग ताशी ३०० किमीच्याही पुढे जातो. वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात तातेनो येथून फुगे सोडून हा वारा मोजला. जगाला कळावे म्हणून १९२६ मध्ये त्याने अहवाल एस्पेरांतो या, सगळ्या जगासाठी म्हणून मुद्दाम रचलेल्या पण थोड्यांनाच येणाऱ्या भाषेत छापला, आणि नेमका म्हणूनच तो फारसा कोणी वाचला नाही.

वाऱ्याचा हिशेब थोडा फसवा असतो. ६,००० किमीचा मार्ग आणि विमानाचा हवेतला वेग ताशी ९०० किमी धरला, तर ताशी १०० किमीचा वारा पाठीशी असताना ६ तास लागतात आणि समोरून आला की साडेसात. वारा नसता, तर दोन्ही खेपा मिळून १३ तास २० मिनिटांत झाल्या असत्या. वाऱ्यामुळे साडेतेरा लागतात. जाताना वाचलेला वेळ येताना व्याजासकट जातो. उन्हाळ्यात जेट प्रवाह मंदावून उत्तरेकडे सरकतो, तेव्हा ही तफावत कमी होते.

घड्याळ मात्र उलटेच सांगते. जपानची वेळ भारताच्या साडेतीन तास पुढे आहे आणि दोन्ही देश उन्हाळ्यात घड्याळे बदलत नाहीत. रात्री ८ ला दिल्लीहून निघून साडेसात तास उडालेले विमान सकाळी ७ ला टोकियोत उतरते. परतीला सकाळी ११ ला निघून साडेनऊ तास उडाले, तरी दिल्लीत संध्याकाळचे ५ च वाजलेले असतात.

वेळापत्रकातल्या तासांत धावपट्टीपर्यंतची संथ वाटचालही धरलेली असते. उतरल्यानंतरचा प्रवास त्यात नसतो. हानेदा विमानतळ टोकियो शहरातच, उपसागराच्या काठी आहे. नारिता शेजारच्या चिबा प्रांतात, शहराच्या मध्यापासून सुमारे ६० किमीवर. तिथे उतरणाऱ्याने आणखी तास-दीड तास हाताशी ठेवावा.