हळू चालवलं की यॉटचं इंजिन जास्त टिकतं? उलटंय!

शिडाच्या बोटीवाल्यांमध्ये हा समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय, की डिझेल इंजिन न्यूट्रलमध्ये रोज अर्धा तास हळूच चालू ठेवायचं, बॅटरी पण चार्ज होते आणि इंजिनाला त्रास पण नाही. मी पण कित्येक वर्षं हेच करायचो, आता लाज वाटते.

होतं काय, लोड नसला की डिझेल पुरेसं तापतच नाही, इंधन अर्धवट जळतं, काजळी धरते, सिलिंडरच्या भिंती काचेसारख्या गुळगुळीत होतात मग त्यावर तेल टिकत नाही आणि इंजिन ऑइल प्यायला लागतं. एक्झॉस्टच्या एल्बोमध्ये (वाकडा पाइप, जिथे इंजिन थंड करून आलेलं समुद्राचं पाणी धुरात मिसळून बाहेर जातं) काजळी आणि खारं पाणी एकत्र येऊन जो काय दगड बनतो ना, तो छिन्नीने फोडलाय मी! त्यापेक्षा बोट फेरीला बाहेर काढा, गिअर टाका, इंजिन नीट तापलं की थोडा वेळ जोरात पळवा. बॅटरीसाठी सोलर आहेच की.

आणि चालू केल्या केल्या मागे एक्झॉस्टमधून पाणी पडतंय का बघा, नसेल तर लगेच बंद, कारण हे पाणी खेचणाऱ्या पंपाचा रबरी इम्पेलर (पाकळ्यांचं चाक) कोरडा फिरला की पाकळ्या तुटतात आणि तुकडे पुढे हीट एक्स्चेंजरमध्ये (इंजिनाची उष्णता या पाण्यात सोडणारा भाग) जाऊन अडकतात.

अजून एक, इंजिन स्टार्टच होत नसेल तर नुसतं स्टार्टर मारत बसू नका. पंप पाणी ढकलत राहतो, पण ते बाहेर फेकायला एक्झॉस्टचा जोर नसतो, मग मफलर (एक्झॉस्टचा आवाज कमी करणारा डबा) भरून पाणी उलटं थेट सिलिंडरमध्ये. आधी समुद्राच्या पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करा, इंजिन पेटलं की लग्गेच उघडा (हे विसरलात तर इम्पेलर गेलाच).