सालचित्रकला, आर्नहेम लँड

ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागातील आर्नहेम लँड प्रदेशात आदिवासी समाजांनी जोपासलेली, झाडाच्या सालीवर मातीच्या रंगांनी चित्रे काढण्याची परंपरा. पश्चिमेकडील कुनविंज्कू आणि ईशान्येकडील योलंगू समाजांची सालचित्रे विशेष प्रसिद्ध आहेत.

या कलेच्या उगमाविषयी मतभेद आहेत. याच प्रदेशातील मॅजेडबेबे शैलाश्रयात सापडलेले गेरूचे घासलेले तुकडे सुमारे ६५,००० वर्षांपूर्वीचे असावेत, असे २०१७ मध्ये मांडले गेले. काही संशोधकांना हा काळ फार मागे नेलेला वाटतो. साल मात्र नाशवंत असल्याने तिच्यावरील चित्रणाचा इतका जुना पुरावा मिळणे शक्य नाही. मानवशास्त्रज्ञ बॉल्डविन स्पेन्सर यांनी १९१२ मध्ये ओएनपेली (आजचे गुनबलान्या) येथे सालचित्रे मिळवली व काही मुद्दाम काढून घेतली. त्यावरून ही कला संग्राहकांच्या मागणीतून जन्मली, असा एक तर्क केला जातो. तथापि पावसाळी झोपड्यांच्या सालीच्या भिंतींवर आतून चित्रे काढण्याची रीत स्पेन्सर यांना तेथे आधीच आढळली होती. त्यामुळे मागणीने सुट्या, नेता येण्याजोग्या चित्रांना चालना दिली, मूळ कला निर्माण केली नाही, हे मत अधिक ग्राह्य ठरते.

निलगिरीच्या जातीतील एका झाडाची साल पावसाळ्यात, रस चढलेला असताना, सहज सुटते. तिचा बाहेरचा तंतुमय थर काढून ती विस्तवावर शेकतात व वजनाखाली सपाट करतात. तांबडा व पिवळा गेरू, पांढरी माती आणि कोळसा दगडावर पाण्यात उगाळतात. पूर्वी रंग सालीला धरून ठेवणारा बंधक म्हणून ऑर्किडचा रस वापरीत, आता लाकूडकामाचा पांढरा गोंद चालतो. मोजक्या मानवी केसांची लांब कुंचली रंगात भिजवून पूर्ण लांबीने सालीवर टेकवतात आणि संथपणे ओढतात. अशा शेकडो समांतर रेषा एकमेकींना छेदून ‘रार्क’ नावाचे जाळीकाम तयार होते. त्याची लखलख हे पूर्वजांच्या शक्तीचे रूप मानतात.

योलंगूंमध्ये प्रत्येक कुळाची आकृती त्याच्या भूमीशी व तेथील पूर्वजकथेशी बांधलेली असते. ती काढण्याचा अधिकार नात्याने मिळतो. म्हणूनच गोव्ह द्वीपकल्पावरील बॉक्साइट खाणीला विरोध करताना यिरकला येथील लोकांनी १९६३ मध्ये संसदेला धाडलेल्या अर्जांभोवती सालीवर कुळचिन्हे रंगवली. ती त्यांच्या दृष्टीने मालकीची कागदपत्रेच होती. खाण तरीही झाली. १९९० च्या दशकात, ब्लू मड बे परिसरातील बेकायदा मासेमारीमुळे पवित्र स्थळ दूषित झाल्यावर, योलंगूंनी किनाऱ्यावरील पाण्याचे हक्क दर्शवणारी ८० सालचित्रे रंगवली. भरती-ओहोटीच्या पट्ट्यातील पाण्यावर जमीनमालक आदिवासींचे नियंत्रण असल्याचे ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने २००८ मध्ये मान्य केले.