दम्याच्या कफातल्या सुया

घरात दम्याचा पेशंट असेल तर हे लगेच कळेल. माझ्या आईला पहाटे उबळ येते तेव्हा पंप घेतल्यावर धाप कमी होते पण छातीतला कफ काही सुटत नाही, आणि सुटला की तार धरल्यासारखा चिकट, बेसिनमध्ये पाणी सोडलं तरी जागचा हलत नाही. हा एवढा घट्ट का होतो?

त्याचं एक उत्तर फार जुन्या गोष्टीत सापडलंय. 1853 मध्ये फ्रान्समध्ये शार्को यांना ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कॅन्सरच्या) पेशंटच्या शरीरात बारीक स्फटिक दिसले, मग 1872 मध्ये जर्मनीत लायडेन यांना तसेच स्फटिक दम्याच्या कफात दिसले. मायक्रोस्कोपखाली रंगहीन, दोन टोकदार पेन्सिली मागच्या बाजूने एकमेकींना चिकटवल्यासारखे. नाव पडलं शार्को-लायडेन स्फटिक, आणि पुढे शंभराहून जास्त वर्षं बहुतेकांनी त्यांना ॲलर्जीची नुसती खूण धरलं, म्हणजे आग लागून गेल्यावरची राख.

हे स्फटिक बनतात इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या रक्तपेशींपासून. हो, आपल्या ब्लड रिपोर्टमध्ये असतात त्याच. या पेशींत गॅलेक्टिन-10 नावाचं प्रोटीन भरपूर असतं, ते आत विरघळलेलं असतं, पेशी फुटली की बाहेर येतं आणि त्याचे स्फटिक होतात. पाकातली साखर आणि खडीसाखर, वस्तू एकच.

2019 मध्ये बेल्जियममधल्या गेंटच्या टीमने मला सगळ्यात आवडलेला प्रयोग केला. उंदरांमध्ये हे प्रोटीन नसतंच, म्हणून त्यांनी ते लॅबमध्ये बनवून काही उंदरांच्या फुप्फुसात स्फटिक सोडले आणि काहींना तेच प्रोटीन दिलं पण एका जागी थोडं बदललेलं, जेणेकरून स्फटिक होणारच नाहीत. स्फटिकवाल्यांच्या फुप्फुसात जोरदार सूज आली, विरघळलेल्या प्रोटीनने तसं काहीच झालं नाही. म्हणजे ही राख नव्हती, निखारे होते!

मग त्यांनी अँटीबॉडी बनवल्या, ज्या स्फटिकातले प्रोटीनचे रेणू एकमेकांना जिथे चिकटतात नेमक्या तिथेच जाऊन बसतात. या अँटीबॉडींनी पेशंटच्या कफातले खरे स्फटिक विरघळवले, आणि दमा झालेल्या, माणसाचं गॅलेक्टिन-10 दिलेल्या उंदरांमध्ये सूज कमी झाली, कफही कमी झाला. प्रोटीनचा असा घट्ट रचलेला स्फटिक अँटीबॉडीने विरघळतो हे वाचून मी खरंच दोन मिनिटं थांबलो.

हे औषध अजून केमिस्टकडे मिळत नाही, उंदरापासून माणसापर्यंतचा रस्ता लांब असतो. आईला हे सगळं सांगितलं तर ती म्हणाली, "मग आपला कफ कोणी तपासत का नाही, सारखं रक्तच का?" कफातले इओसिनोफिल मोजायची टेस्ट आहे खरं तर, पण तिला आजवर कुणी ती सांगितली नाही, पुढच्या वेळी डॉक्टरांना विचारणार आहे.