उभ्या फोनात न मावणारं गाणं

एक साधा हिशेब. गाण्याचा नेहमीचा आडवा व्हिडिओ रुंदी-उंचीच्या 16:9 प्रमाणात असतो, इन्स्टाग्रामवरचा छोटा उभा व्हिडिओ म्हणजे रील 9:16. आडवी चौकट उभ्या फोनावर आहे तशी बसवली तर ती पडद्याचा जेमतेम 32 टक्के भाग व्यापते. कडा कापून पडदा भरायचा म्हटलं तर मूळ चित्रातला 32 टक्केच भाग उरतो. कसंही करा, दोन तृतीयांशांहून जास्त हातचं जातं.

त्यामुळे नाचणारी व्यक्ती मध्यभागी आली आणि वीस जणांची आडवी रांग अडचणीची ठरू लागली. हुकस्टेपही, म्हणजे गाण्याची ओळख ठरणारी नाचाची स्टेप, हात, खांदे आणि मानेवर आली. फोन टेकवून, खोलीत जागच्या जागी कुणालाही जमायला हवी ना! पायांचं काम मात्र मागे पडलं, याचं लावणी पाहत वाढलेल्याला वाईट वाटणारच.

संजू राठोड यांचं 2024 मधलं 'गुलाबी साडी' घ्या. काय नेसायचं हे नावातच सांगून टाकलंय. मूळ व्हिडिओ न पाहताच अनेकांनी आधी त्याच्या नकला पाहिल्या असतील. रीलवरच्या गाण्याच्या नावावर बोट ठेवलं की त्याच गाण्यावरच्या बाकीच्या रील्स समोर येतात. प्रत्येक नक्कल फुकटची जाहिरात होते. व्हिडिओ आता नुसता बघण्यासाठी नाही, गिरवण्यासाठी बनतो.

तेच तेच कानावर पडून आवडायला कसं लागतं? मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी 1968 मध्ये दाखवलं की एखादी गोष्ट नुसती वारंवार समोर आली तरी ती आवडू लागते. याला मर्यादा आहे. अती झालं की कंटाळा येतो. म्हणून तर काही गाणी महिन्याभरात नकोशी होतात.

गाण्यांतल्या घाईचं सगळं खापर रीलवर फोडणं मात्र बरोबर नाही. ओहायो स्टेट विद्यापीठातल्या एका अभ्यासात 1986 ते 2015 मधली अमेरिकेतली टॉप 10 गाणी तपासली गेली. गायन सुरू होण्याआधीचा म्युझिक पीस वीसहून अधिक सेकंदांवरून सुमारे पाच सेकंदांवर आला होता. भारतात टिकटॉकवर बंदी आली जून 2020 मध्ये, रील्स आल्या जुलैमध्ये. म्हणजे घाई आधीपासूनच होती.

माझी तक्रार अंतऱ्यापुरती आहे. रील मुखड्यावर सुरू होते, मुखड्यावरच संपते आणि पुन्हा पहिल्यापासून वाजते. दुसऱ्या अंतऱ्यासाठी वेगळं लोकेशन शोधायला निर्माता पैसे का घालेल?