इंटरव्हल ट्रेनिंग

धावण्याचा वेग वाढवण्यासाठी ठरावीक अंतर वेगाने धावायचे, मोजून विसावा घ्यायचा आणि हेच पुन्हा पुन्हा करायचे, अशी सरावपद्धती. मैदानावर आज ‘इंटरव्हल’ म्हणजे वेगाने धावलेला तुकडा असे समजतात. मूळ जर्मन मांडणीत मात्र हा शब्द दोन धावांमधल्या विसाव्यासाठी होता. पद्धतीचे मर्म या भेदात आहे, आणि तो विसरला गेल्याने बरेच नुकसान झाले आहे.

उगमाविषयी एकमत नाही. फिनलंडचे लांब पल्ल्याचे धावपटू हानेस कोलेमाइनेन व पाव्हो नुर्मी यांच्या सरावात, म्हणजे साधारणतः १९१० ते १९२५ च्या दरम्यान, वेगवान व संथ धावेची आलटापालट आढळते. तिथलेच प्रशिक्षक लाउरी पिहकाला यांनी तिचा पुरस्कार केला. काही अभ्यासक सुरुवात इथून धरतात. स्वीडनचे प्रशिक्षक गोस्टा होल्मर यांनी १९३० च्या दशकात रुजवलेली ‘फार्टलेक’ पद्धत जवळची खरी, पण तिच्यात वेग आणि विसावा धावपटूच्या मर्जीवर सोडलेले असतात. मोजमाप हा निकष मानला, तर श्रेय जर्मन प्रशिक्षक वोल्डेमार गेर्शलर यांच्याकडे जाते. त्यांचा शिष्य रुडोल्फ हारबिग याने १५ जुलै १९३९ रोजी मिलान येथे ८०० मी. अंतर १ मि. ४६.६ से. मध्ये धावून आधीचा जागतिक विक्रम १.८ सेकंदांनी मोडला. हा विक्रम १९५५ पर्यंत टिकला.

फ्रायबुर्गचे हृदयरोगतज्ज्ञ हर्बर्ट राइंडेल यांच्या संशोधनाचे फळ म्हणून हा विक्रम अनेकदा सांगितला जातो. तथापि राइंडेल व गेर्शलर यांची मांडणी ग्रंथरूपाने आली ती १९६२ मध्ये. त्यामुळे अनुभवातून घडलेल्या सरावाला शास्त्राची बैठक मागाहून मिळाली, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

या मांडणीनुसार १०० ते २०० मी. च्या धावेत नाडी मिनिटाला १८० च्या आसपास जावी आणि विसाव्यात ९० सेकंदांच्या आत १२० वर उतरावी. उतरली नाही, तर धाव अति वेगाची किंवा अति लांब झाली. मानेवर बोटे ठेवून १० सेकंदांत २० ठोके मोजले, की १२० झाले. विसाव्याच्या सुरुवातीला हृदय प्रत्येक ठोक्यात जास्त रक्त फेकते व त्यातूनच ते सक्षम होते, असा राइंडेल यांचा दावा होता. स्टॉकहोममध्ये शरीरक्रियाशास्त्रज्ञ पेर-ओलोफ ऑस्ट्रांड व सहकाऱ्यांनी १९६० च्या सुमारास भर दिला तो श्रमाच्या काळातील प्राणवायूच्या वापरावर. आजचा कल याच बाजूला आहे. नॉर्वेतील २००७ च्या एका प्रयोगात ४ मिनिटांच्या चार धावा, कमाल नाडीच्या ९० ते ९५ टक्क्यांवर व मध्ये ३ मिनिटांची सावकाश धाव, अशा आठ आठवड्यांच्या सरावाने प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढली. १२० चा आकडाही सर्वांना सारखा लागू पडत नाही, कारण कमाल नाडी व्यक्तीगणिक वेगळी असते.

दोन धावांमधल्या विसाव्याइतकीच दोन सरावांमधली विश्रांतीही महत्त्वाची. तिचे सर्वांत बोलके उदाहरण चार मिनिटांच्या आत मैल धावणारे पहिले धावपटू, इंग्लंडचे रॉजर बॅनिस्टर यांचे. १९५४ च्या वसंतात ते ४४० यार्डांच्या दहा फेऱ्या, मध्ये दोन मिनिटे थांबून, धावत. सरासरी ६१ सेकंदांवर अडली, काही केल्या खाली येईना. तेव्हा सराव सोडून ते सहधावपटू ख्रिस ब्रॅशरबरोबर स्कॉटलंडमध्ये कडे चढायला गेले. परतल्यावर थोड्याच दिवसांत तीच फेरी ५९ सेकंदांवर आली, आणि ६ मे रोजी ऑक्सफर्डला त्यांनी ३ मि. ५९.४ से. मध्ये मैल पूर्ण केला. एका उदाहरणाने सिद्धान्त ठरत नाही. पण कारणमीमांसा जुळते. स्नायूंतील फॉस्फोक्रिएटिन (झटपट ऊर्जा देणारा साठा) काही मिनिटांत भरून येते, ग्लायकोजेनला (स्नायूंत साठवलेल्या साखरेला) मात्र पुरेसा आहार घेऊनही साधारण दिवसभर लागतो आणि स्नायूतंतूंच्या दुरुस्तीला त्याहून अधिक. म्हणून असे जोरकस सराव आठवड्यातून दोनच, मध्ये किमान ४८ तास ठेवून, घेण्याचा प्रघात आहे. सकाळी उठल्यावरची नाडी नेहमीपेक्षा चढी राहू लागली, झोप मोडू लागली, तर विश्रांती कमी पडते आहे असे समजावे.

चेकोस्लोव्हाकियाचे लांब पल्ल्याचे धावपटू एमिल झाटोपेक यांच्या ४०० मी. च्या असंख्य फेऱ्या प्रसिद्ध आहेत. नवोदिताने त्यांचे अनुकरण करू नये.

महाराष्ट्रात ही पद्धत पोलीस भरतीच्या १६०० मी. (महिलांसाठी ८०० मी.) धावेच्या तयारीत ‘राउंड मारणे’ या नावाने दिसते. समजा १६०० मी. सहा मिनिटांत धावायचे, म्हणजे ४०० मी. चा राउंड ९० सेकंदांत. यासाठी ८६ ते ८८ सेकंदांचे सहा राउंड, मध्ये २०० मी. हळू धाव, एवढे पुरते. पहिल्या व शेवटच्या राउंडमध्ये दोन-तीन सेकंदांहून अधिक फरक पडला, तर सुरुवात चुकली. भरतीची तारीख जवळ आली की मुले रोज पहाटे डांबरी रस्त्यावर पूर्ण ताकदीने धावतात, आणि ऐन परीक्षेच्या तोंडावर नडगीच्या दुखण्याने बसतात.