कांदाचाळीत ८५ अंश?

शेतकऱ्यांच्या एका व्हॉट्सॲप गटावर मध्यंतरी एक स्क्रीनशॉट फिरत होता. कांदाचाळीत बसवलेल्या सेन्सरचा आकडा: ८५ अंश सेल्सिअस. खाली 'ग्लोबल वॉर्मिंग', 'अजून मे बाकी आहे' अशा प्रतिक्रियांची रांग. ८५ अंशाला कांदा साठत नाही, शिजतो, हे सगळ्यांनाच कळत होतं. पण आकडा संगणकातून आलेला, त्यात दशांशचिन्हासकट. मग त्याला खोटं कोण म्हणणार?

तो आकडा खोटाच होता, पण उगाच आलेला नव्हता. ८४ नाही, ८६ नाही, बरोबर ८५ यायला कारण आहे. ते समजायचं तर सेन्सरपासून पडद्यापर्यंत आकडा कसा येतो ते पाहावं लागेल, आणि त्या वाटेवर मला फार आवडणारी एक युक्ती आहे. तिथे मी जरा रेंगाळणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

अशा कामात हमखास दिसणारी चिप म्हणजे डीएस१८बी२०. टेक्सासमधल्या डॅलस सेमीकंडक्टर कंपनीचं हे अपत्य. ती कंपनी २००१ मध्ये मॅक्सिमने घेतली आणि मॅक्सिमला २०२१ मध्ये ॲनालॉग डिव्हाइसेसने. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बुधवार पेठेत मागितलीत तर स्टीलच्या नळीत बंद केलेली, वायर जोडलेली मिळते. (नक्कलही भरपूर मिळते, आणि दुकानदार दोन्ही 'ओरिजिनल' म्हणूनच देतो.) उणे ५५ ते १२५ अंशांपर्यंत मोजते, उणे १० ते ८५ या पट्ट्यात अर्ध्या अंशाच्या आत अचूक असते. तिचं वैशिष्ट्य असं की एकाच तारेवर अशा अनेक चिपा टांगता येतात. ग्राउंडची तार वेगळी लागते, पण बोलणं सगळं एकाच तारेवरून. म्हणून या पद्धतीचं नाव वन-वायर.

आता या चिपा संगणकाला जोडल्या की वाचायच्या कशा? इथे युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा जुना विचार कामी येतो. १९७०च्या आसपास बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन, डेनिस रिची वगैरे मंडळींनी ठरवलं की यंत्राचे भागसुद्धा प्रोग्रामला फाइलसारखे दिसावेत: उघडा, वाचा, लिहा, बंद करा. तोच विचार पॉल अल्फिल यांनी वन-वायरला लावला आणि ओडब्ल्यूएफएस हे मुक्त सॉफ्टवेअर लिहिलं. ते चालू केलं की एक फोल्डर दिसतो. त्यात प्रत्येक चिपेचा एकेक फोल्डर, नाव '२८.४ए९१सी३०५००००' अशा थाटाचं. सुरुवातीचे २८ म्हणजे चिपेचं कूळ. सगळ्या डीएस१८बी२० चिपा २८ने सुरू होतात. आत 'टेम्परेचर' नावाची फाइल. ती उघडली की २७.३७५ असा आकडा. प्रोग्रामिंगची भाषा कुठलीही असो, फाइल वाचता आली की झालं.

मात्र ही फाइल डिस्कवर कुठेच नसते. ती उघडण्याची मागणी आली की लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमची फ्यूज नावाची सोय ती मागणी ओडब्ल्यूएफएसकडे वळवते, आणि मग तारेवर संभाषण सुरू होतं. संगणकाकडची बाजू तार किमान ४८० मायक्रोसेकंद शून्य व्होल्टवर धरते, म्हणजे 'सगळे गप्प, ऐका'. सोडल्यावर चिपा क्षणभर तार खाली ओढून 'आहोत' म्हणतात. मग पत्ता पुकारायचा, 'तापमान मोज' म्हणायचं, पाऊण सेकंद थांबायचं, आणि उत्तर एकेक बिट (० किंवा १) करून घ्यायचं.

पण पत्ता पुकारायचा तर तो आधी माहीत हवा! प्रत्येक चिपेत कारखान्यातच ६४ बिटांचा क्रमांक कोरलेला असतो: ८ बिट कुळाचे, ४८ बिट तिचे स्वतःचे, ८ बिट चूक पकडण्यासाठी. ४८ बिट म्हणजे सुमारे २८१ लाख कोटी शक्यता. एकेक क्रमांक पुकारून 'आहेस का' विचारत बसलो तर सेकंदाला हजार पुकारले तरी हजारो वर्षं लागतील. आणि सगळ्यांना एकदम 'नाव सांगा' म्हटलं तर सगळे एकदम बोलणार.

डॅलसच्या अभियंत्यांनी नेमका त्या एकदम बोलण्याचाच उपयोग करून घेतला. वन-वायरची तार कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी आहे: एरवी ताणून वर, पण कोणीही एकाने ओढली तरी खाली. चिप '०' म्हणते तेव्हा तार खाली ओढते, '१' म्हणते तेव्हा काहीच करत नाही. म्हणजे सगळ्या मिळून बोलल्या आणि एकीने जरी ० म्हटलं तरी ऐकू येतं ०.

आता शोधाची आज्ञा दिली की प्रत्येक चिप आपल्या क्रमांकाचा पहिला बिट सांगते आणि लगेच त्याचा उलटा बिटही सांगते. दोन्ही वेळा ० ऐकू आलं तर अर्थ सरळ आहे: कोणीतरी ० म्हणालं आणि दुसरं कोणीतरी १. मग संगणक एक बिट निवडून तारेवर लिहितो. ज्यांचा बिट जुळत नाही त्या चिपा पुढच्या फेरीपर्यंत गप्प होतात. उरलेल्या दुसऱ्या बिटाकडे जातात.

क्रमांक ६४ऐवजी तीनच बिटांचे समजा. तारेवर तीन चिपा: ०११, ००१ आणि ११०. पहिला बिट: ०, ०, १. ऐकू येतं ०. उलटे: १, १, ०. पुन्हा ०. फाटा फुटला. संगणक ० निवडतो, तिसरी चिप गप्प. दुसरा बिट: १ आणि ०, ऐकू येतं ०, उलट्यालाही ०. पुन्हा फाटा. ० निवडला, पहिली गप्प. उरली एकटी दुसरी. तिसऱ्या बिटाला ती १ म्हणते, उलट्याला ०. फाटा नाही. ००१ सापडली. दुसऱ्या फेरीत शेवटच्या फाट्यावर यावेळी १ निवडायचा: ०११ मिळाली. तो फाटा संपला, म्हणून तिसऱ्या फेरीत त्याच्या आधीच्या फाट्यावर १: ११० मिळाली. तीन फेऱ्या, तीन चिपा, एकही फेरी वाया नाही. आणि दोन्ही वेळा १ ऐकू आलं तर तारेवर उत्तर देणारं कोणी उरलेलंच नाही.

खऱ्या ६४ बिटांसाठी एका फेरीला साधारण १४ मिलिसेकंद लागतात. हजारो वर्षांचं काम, वीस चिपा असतील तर पाव-एक सेकंदात. ज्यांनी संगणकशास्त्रात द्विमान वृक्ष शिकलाय त्यांना ही त्याचीच खोलवर जाणारी फेरी आहे हे दिसलं असेल. बाकीच्यांनी वरचा परिच्छेद कागदावर मांडून बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

आता सेटिंग. ओडब्ल्यूएफएसची एक कॉन्फिग फाइल असते, आणि डेबियन या लिनक्सच्या प्रकारातल्या पॅकेजबरोबर ती येते तेव्हा तिच्यात एक ओळ चालू असते: 'सर्व्हर: फेक = डीएस१८एस२०, डीएस२४०५'. म्हणजे चक्क बनावट सेन्सर! काहीही न जोडता फोल्डर दिसतो, फाइल उघडते, तापमानही येतं. आकडे अर्थात मनचे. चाचणीसाठी ही सोय छान आहे, पण ती ओळ हॅश (#) लावून बंद केल्याशिवाय आणि 'सर्व्हर: यूएसबी = ऑल' (यूएसबी ॲडॅप्टर असेल तर) ही ओळ चालू केल्याशिवाय पुढे जाऊ नका. घरातली 'सकारात्मक ऊर्जा' मोजून देणारी यंत्रं विकणाऱ्यांपेक्षा ही ओळ प्रामाणिक म्हणायची. निदान स्वतःला फेक तरी म्हणवते.

फसण्याची दुसरी जागा कॅशची, म्हणजे तात्पुरत्या साठ्याची. तापमान एकदा वाचलं की ते ठरावीक वेळ, एरवी १५ सेकंद, लक्षात ठेवलं जातं. तेवढ्यात पुन्हा वाचलंत तर तारेवर काही घडतच नाही, जुनाच आकडा मिळतो. सेन्सर मुठीत धरून 'हलत नाही' म्हणणारे इथेच फसतात. ताजा आकडा हवा तर 'अनकॅश्ड' फोल्डरमधून तीच फाइल वाचायची. आणि वीस सेन्सर एकापाठोपाठ वाचले तर प्रत्येकी पाऊण सेकंद, म्हणजे १५ सेकंद जातात. त्याऐवजी 'सायमल्टेनिअस' फोल्डरमधल्या तापमानाच्या फाइलीत १ लिहिलं की सगळ्या चिपा एकदम मोजतात. वाट एकदाच पाहायची.

तर ते ८५. चिपेला वीज मिळाली की तिच्या तापमानाच्या कप्प्यात आधीपासून १३६० हा आकडा असतो. त्यातला प्रत्येक एक म्हणजे एक सोळांश अंश. १३६० भागिले १६ म्हणजे ८५. पहिलं मोजमाप पूर्ण होण्याआधीच कोणी कप्पा वाचला, किंवा मोजता मोजता वीज अपुरी पडून चिप नव्याने सुरू झाली, तर हाच आकडा बाहेर येतो. चाळीत बहुधा लांब वायर, सैल जोड आणि डेटाच्या तारेवरूनच वीज पुरवायची काटकसर, असं काहीतरी असणार. तिसरी तार जोडून चिपेला स्वतंत्र ५ व्होल्ट द्यावेत. कुठे उणे १२७ दिसलं तर ते मात्र चिपेचं नव्हे. आर्डुइनो या छोट्या कंट्रोलर बोर्डाची एक लोकप्रिय लायब्ररी (तयार कोड) सेन्सर सापडला नाही की तो आकडा देते.

खरोखरच कांदा तापतोय की नाही याची काळजी असेल तर आकड्यांचे आलेख काढत बसण्याआधी 'अलार्म' फोल्डर बघा. प्रत्येक चिपेच्या 'टेम्पहाय' आणि 'टेम्पलो' या फाइलींमध्ये वरची-खालची मर्यादा लिहून ठेवता येते, पूर्ण अंशांतच. त्या चिपेतच साठतात, वीज गेली तरी राहतात. नंतर वरचीच शोधाची युक्ती वेगळ्या आज्ञेने चालते आणि मर्यादेबाहेर गेलेल्या चिपाच तिला उत्तर देतात. फोल्डरमध्ये तेवढ्याच दिसतात. मर्यादेची तुलना चिप मोजमाप केल्यावरच करते, त्यामुळे आधी 'सायमल्टेनिअस'मध्ये १ लिहायचा, सेकंदभर थांबायचं, मगच 'अलार्म' उघडायचा. आणि चाळीकडे धावण्याआधी यादीतल्या चिपेचा आकडा एकदा वाचून घ्या.